पाच ओळी कुणी सोडायच्या?

सिल्वासात राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच घरांचा धाग्याशी काही ना काही संबंध असतो. कुणी मसाटच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतं, कुणी सामरवरणीला डिस्पॅच बघतं, कुणाचा टेम्पो वापीपर्यंत धागा पोहोचवतो. पण हा धागा बहुतेक पॉलिएस्टरचा. आपल्या आजी-आजोबांची पिढी ज्या कापसाच्या धाग्यावर वाढली, तो आपल्या मुलांना आता कपड्याच्या लेबलवरच भेटतो. मंडळाच्या अंकासाठी तरुण मुलांना आवडेल असं काही विज्ञानाचं लिहायचं ठरलं, तेव्हा मला कापसाचीच गोष्ट सांगावीशी वाटली. कॉलेजात तीन वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जाणारे तीन विषय या गोष्टीत एकाच शेतात भेटतात: जीवशास्त्रातली उत्क्रांती, गणितातली गेम थिअरी आणि माझा पोटापाण्याचा विषय, म्हणजे कंट्रोल इंजिनिअरिंग.

मी इथे धाग्याच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. माझे मामा यवतमाळ जिल्ह्यात कापूस लावतात. दिवाळीत भेट झाली की मी त्यांना मशीनबद्दल सांगतो आणि ते मला अळीबद्दल सांगतात. आपण दोघं एकाच प्रश्नाशी झगडतो आहोत, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. फरक एवढाच, की त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा फार अवघड आहे.

हीटर आपल्याविरुद्ध शिकत नाही

आधी माझ्या बाजूचं सांगतो. टेक्श्चरायझिंग मशीनवर सरळ, गुळगुळीत पॉलिएस्टर धाग्याला पीळ देऊन आणि तापवून कुरळा, फुगीर केलं जातं. त्यासाठी धागा साधारण दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीटरमधून जातो. हे तापमान थोडंसं जरी हललं तरी धाग्याची रंग पिण्याची ताकद बदलते. मशीनवर काहीच दिसत नाही. कापड विणून रंगवलं की पट्टे उमटतात, आणि मग पार्टीचा फोन येतो.

म्हणून हीटरजवळ सेन्सर असतो. तो तापमान मोजतो, कंट्रोलर ते हव्या असलेल्या तापमानाशी ताडून बघतो आणि फरकाप्रमाणे वीज कमी-जास्त करतो. पुन्हा मोजतो, पुन्हा दुरुस्त करतो. याला आम्ही फीडबॅक म्हणतो. घरातला फ्रिज, इस्त्री, गिझर हे सगळे याच तत्त्वावर चालतात.

फीडबॅकचे दोन जुने शत्रू आहेत. पहिला उशीर. मधुबन धरणाचे दरवाजे उघडले की पाणी दमणगंगेतून खालच्या गावांपर्यंत यायला वेळ लागतो. खाली पूर दिसल्यावर वर दरवाजे बंद करून उपयोग नसतो, कारण वाटेतलं पाणी येणारच. दुसरा शत्रू अतिरेक. आंघोळीच्या वेळी पाणी गार लागलं म्हणून गरम नळ पूर्ण उघडला, की थोड्या वेळाने चटका बसतो. मग घाईने गार नळ पूर्ण उघडायचा आणि कुडकुडायचं. उशीर आणि अतिरेक एकत्र आले की कोणतीही यंत्रणा झोके घ्यायला लागते.

पण माझ्या धंद्यात एक मोठी सोय आहे. हीटर माझ्याविरुद्ध काही शिकत नाही. आज जी सेटिंग चालली, ती मशीन झिजेपर्यंत चालते. माझा कंट्रोलर चुकवण्यात हीटरचा काही फायदा नसतो. मामांच्या शेतातल्या अळीचा मात्र असतो.

गव्हर्नर आणि इंजिनिअर

उत्क्रांती आणि कंट्रोल यांची सांगड नवी नाही. चार्ल्स डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा विचार मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५८ साली आग्नेय आशियातल्या बेटांवर होता. तिथून त्याने डार्विनला पाठवलेला निबंध त्याच वर्षी १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. त्या निबंधात वॉलेसने नैसर्गिक निवडीची तुलना वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरशी केली आहे. जेम्स वॉटने इंजिनावर बसवलेल्या या गव्हर्नरला दोन फिरते गोळे असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी करतात. वेग घटला की आत येतात आणि वाफ वाढवतात. निसर्गातही जो प्राणी फार बिघडलेला निघतो तो टिकत नाही, आणि त्यामुळे बिघाड वाढण्याआधीच दुरुस्त होतो, असं वॉलेसचं म्हणणं होतं. कंट्रोल इंजिनिअरिंगचा पाया समजला जाणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा गव्हर्नरवरचा शोधनिबंध त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ मध्ये आला.

तिसरा विषय जोडला तो जॉन मेनार्ड स्मिथ यांनी. ते मुळात इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या डिझाइनचं काम करत होते. युद्धानंतर ते काम सोडून जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला गेले. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या भांडणांना गेम थिअरी लावली. त्यांचा प्रश्न साधा होता. सगळे एका पद्धतीने वागत असताना एखादा वेगळा वागला, तर त्याचा फायदा होतो की तोटा? फायदा होत असेल तर ती जुनी पद्धत टिकणार नाही, हळूहळू वेगळे वागणारेच वाढतील. तोटा होत असेल तर ती पद्धत पक्की. विमान झोक्याने हललं तर परत सरळ होईल की आणखी कलंडेल, हा इंजिनिअरचा प्रश्न त्यांनी प्राण्यांच्या वागण्याला विचारला.

आता हा प्रश्न घेऊन कापसाच्या शेतात जाऊ.

सरकीत लपलेली अळी

शेंदरी बोंडअळीचा (बातम्यांत तिला गुलाबी बोंडअळी म्हणतात) आपल्या भागाशी जुना संबंध आहे. शास्त्रज्ञांनी या किडीची पहिली नोंद १८४३ साली केली, ती भरूचच्या सरकारी कापूस मळ्यातून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे आपण वापीहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने सुरतेच्या पुढे जातो, त्याच रस्त्यावर.

तिचा पतंग कापसाच्या पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, आणि शिरताना पडलेलं बारीक छिद्र बुजून जातं. आत ती सरकी खाते. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. फुटल्यावर कळतं की आत कवडी झाली आहे, म्हणजे कापूस किडका, पिवळट आणि चिकटलेला. फुलात अळी असेल तर पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. तिला शेतकरी डोमकळी म्हणतात.

बोंडअळ्यांवर उपाय म्हणून मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी हा मातीतला एक जीवाणू. तो बनवत असलेलं एक प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या पेशींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या पोटात ना तशी अल्कधर्मिता, ना तशा चिकटण्याच्या जागा, त्यामुळे माणसाला ते तसं बाधत नाही. हे प्रथिन बनवणारं जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच अळीला मारतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. दहा-बारा वर्षांत देशातला जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला. बोंडअळीच्या फवारण्या खूप घटल्या. मामा म्हणत, "पयल्या चार-पाच वर्षी तं सोनंच पिकलं."

पाच ओळींमागचं गणित

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत आणखी एक लहान पाकीट मिळायचं, १२० ग्रॅमचं. त्यात बीटी नसलेली सरकी. नियम असा होता की शेताच्या कडेने किमान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल तेवढ्यावर हे साधं बियाणं लावायचं. कृषी खात्याच्या भाषेत आश्रय पीक, गावात त्याचं नाव "रेफ्युजी". म्हणजे मुद्दाम काही झाडं अळीला खायला सोडायची.

हा वेडेपणा वाटेल, पण त्यामागे सुंदर गणित आहे. समजा, हजारातल्या एका जनुकप्रतीत बीटीला दाद न देण्याचा गुण आहे. प्रत्येक अळीला अशा दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती तशा असतील तरच अळी बीटीवर जगते. हजारातली एक गुणिले हजारातली एक, म्हणजे दहा लाखांत एक अळी. बाकी सगळ्या मरतात, एकच प्रत असलेल्याही.

आता ही दहा लाखांतली एक अळी मोठी होऊन पतंग बनते आणि जोडीदार शोधते. आजूबाजूला सगळं बीटीच असेल, तर तिच्यासारखेच वाचलेले पतंग तिला भेटतील. मग पिल्लांना दोन्ही प्रती तशाच मिळतात आणि सगळी पिल्लं बीटी पचवणारी निघतात. पण जवळच्या पाच ओळींत साधे पतंग हजारोंनी वाढले असतील, तर तिची गाठ त्यांच्यातल्याच कुणाशी तरी पडणार. पिल्लांना एकच प्रत मिळेल, आणि ती बीटीवर मरतील. आपण सोडलेले साधे पतंग बंडखोर जनुकाला दर पिढीत पातळ करत राहतात.

माझ्या भाषेत सांगायचं तर आश्रय पीक हा कंट्रोलचाच भाग आहे. फक्त इथे सेटपॉइंट शून्यावर ठेवायचा नाही. कारण समोरची गोष्ट प्रत्येक पिढीत आपल्या दाबाप्रमाणे बदलते. जितका पूर्ण दाब द्याल, तितकी फक्त न दबणारी शिल्लक राहील.

याचा पुरावा आपल्याच शेतात आहे. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, कापसाबरोबर तूर, हरभरा, टोमॅटोही खाते. तिचं आश्रय पीक शेजारच्या शेतात आपोआपच असतं. तिच्यावर बीटीचा परिणाम बराचसा टिकून राहिला. शेंदरी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. तिच्यासाठी आश्रय मुद्दाम लावल्याशिवाय तो नसतोच.

गावाचा हिशेब

मग शेतकऱ्यांनी पाच ओळी लावल्या का? बहुतेकांनी नाही लावल्या. लहान पाकीट कित्येक घरांत तसंच पडून राहिलं किंवा फेकलं गेलं. मी मामांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आपल्या वावरात अळी पोसाची अन् फायदा गावाले? शेजारचा लावत नाही, मंग मीच काऊन लावू?"

हा आळस किंवा अडाणीपणा आहे, असं शहरातल्या माणसाला पटकन वाटतं. तो तसा नाही, हे गेम थिअरीने दाखवता येतं. समजुतीपुरते आकडे घेऊ. गावात १०० शेतकरी आहेत. पाच ओळी सोडल्याने प्रत्येकाचं वर्षाला ५,००० रुपयांचं नुकसान होतं. एका शेतकऱ्याच्या पाच ओळींमुळे बीटी थोडं जास्त टिकतं आणि त्याचा गावातल्या प्रत्येकाला १०० रुपयांचा फायदा होतो, कारण पतंगाला बांध कळत नाही.

सगळ्यांनी ओळी सोडल्या तर प्रत्येकाला १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० रुपये मिळतात. ५,००० गेले, ५,००० हाती राहिले. कुणीच सोडल्या नाहीत तर हाती शून्य. म्हणजे सगळ्यांनी सोडणं सगळ्यांच्या भल्याचं. आता मामांच्या जागी बसून बघा. बाकीच्या ९९ जणांनी ओळी सोडल्या आणि मी सोडल्या नाहीत, तर मला ९,९०० मिळतात आणि माझा खर्च शून्य. ५,००० पेक्षा हे बरं. बाकी कुणीच सोडल्या नाहीत आणि मी एकट्याने सोडल्या, तर मला १०० मिळतात आणि ५,००० जातात. म्हणजे दुसरे कसेही वागोत, माझ्यापुरता हिशेब एकच सांगतो: सोडू नकोस. शंभरही जण हाच हिशेब करतात आणि सगळे मिळून शून्यावर येतात. मेनार्ड स्मिथ यांच्या भाषेत, ओळी सोडण्याची पद्धत टिकाऊ नाही आणि न सोडण्याची आहे.

त्यात दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या वर्षीचं कर्ज फेडायचं असतं. बीटी दहा वर्षांनी टिकेल की नाही, ही चिंता त्याला परवडत नाही.

घडलं ते

२००९ च्या हंगामात गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीला न जुमानणारी शेंदरी अळी सापडली आणि २०१० मध्ये ते जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमारास दोन जनुकांच्या बीटीवरही ती जगताना गुजरातमध्ये दिसली. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला. कित्येकांनी उभ्या कापसावर नांगर फिरवला.

यात कंट्रोलचे दोन्ही जुने शत्रू हजर होते. अळी बोंडाच्या आत असल्याने नुकसान दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उशिरा कळलं की माणूस घाबरून जोराने हात चालवतो. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या सगळ्या फवारण्या बोंडअळीच्याच होत्या असं नाही, रसशोषक किडींवरच्याही होत्या. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या दाट पऱ्हाटीत एकामागून एक औषधं मिसळून मारायची वेळ येते, ती यंत्रणा झोके घ्यायला लागल्यावरच. त्या वर्षी फोनवर मामांचा आवाज मी कधी नव्हे इतका बारीक ऐकला. त्यांच्या गावच्या कित्येक घरांत तेव्हा पिकापेक्षा माणसाची काळजी होती.

उशिरावर उपाय म्हणजे आधी सांगणारा सेन्सर. कापसात तो आहे आणि स्वस्त आहे: कामगंध सापळा. मादीच्या वासासारखा वास देणारी गोळी एका प्लास्टिकच्या पिशवीवजा सापळ्यात लावतात, नर पतंग त्यात अडकतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, की मगच फवारणी करा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. कॅलेंडर बघून फवारण्यापेक्षा मोजून फवारणं, हाच आमच्या कारखान्यातलाही नियम.

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बीटी कापूस १९९६ मध्ये आला. तिथे मोठी शेतं, थोडे शेतकरी आणि कडक तपासणी. आश्रय पीक खरंच लावलं गेलं आणि दहा वर्षं अळीत प्रतिकार वाढला नाही. २००६ पासून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने नपुंसक केलेले पतंग विमानांतून अब्जावधींच्या संख्येने शेतांवर सोडले. वाचलेल्या बंडखोर पतंगाची गाठ यांच्याशी पडली की पुढे पिल्लंच नाहीत. आश्रय पिकाचं काम हे पतंग करू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून शेंदरी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

चीनमधली गोष्ट आपल्या जवळची, कारण तिथेही शेतं लहान आहेत. यांगत्से नदीच्या खोऱ्यात आश्रय पीक लावण्याची सक्ती नव्हती आणि प्रतिकार वाढायला लागला होता. पण तिथले शेतकरी बीटी आणि बिगर-बीटी यांच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं लावू लागले. दहावीला शिकलेला मेंडेलचा नियम आठवा: दुसऱ्या पिढीत तीनास एक. म्हणजे चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघाली. कुणी त्याग केला नाही, कुणी उपदेश केला नाही. शेतकऱ्याने स्वस्त बियाणं घेतलं आणि आश्रय पीक शेतभर पसरलं. अळीतला प्रतिकार पुन्हा घटला.

मला या दोन गोष्टींतून एकच धडा दिसतो. लोकांना चांगलं वागायला सांगून असे प्रश्न सुटत नाहीत. खेळाचा हिशेबच असा बदलावा लागतो, की स्वतःच्या भल्याचं वागणं आणि सगळ्यांच्या भल्याचं वागणं एक होईल. आपल्याकडेही नंतर वेगळं पाकीट बंद करून साधी सरकी बीटीच्या पाकिटातच मिसळून द्यायचं ठरलं, म्हणजे पाच ओळी सोडायच्या की नाही, हा प्रश्नच उरणार नाही. विचार अगदी योग्य. पण अळी तोवर पुढे निघून गेली होती. वरातीमागून घोडं.

आता भर दुसऱ्या उपायांवर आहे. कमी दिवसांचे वाण लावायचे. सगळ्या गावाने एकाच सुमारास पेरायचं. डिसेंबरअखेर पीक काढून टाकायचं. पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत फरदड घ्यायची नाही. पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवायचे नाहीत. यामुळे मधले काही महिने अळीला खायला काहीच मिळत नाही आणि तिची साखळी तुटते. हंगामाआधी लागवड होऊ नये म्हणून बियाण्याच्या विक्रीची तारीखच पुढे ढकलण्याचा उपाय राज्याने काही वर्षी केला, तो यासाठीच.

पण बघा, हा खेळ पुन्हा तोच आहे. एकट्याने फरदड ठेवली तर त्याला थोडा जास्त कापूस मिळतो आणि गावाला पुढच्या वर्षीची अळी. पाण्याच्या, जंगलाच्या, माशांच्या अशा सामायिक मालमत्ता गावांनी कशा टिकवल्या, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं ते असं: जिथे लोकांनी नियम स्वतः मिळून ठरवले, एकमेकांवर लक्ष ठेवलं आणि मोडणाऱ्याला आधी लहान, मग मोठा दंड केला, तिथे सामायिक गोष्ट टिकली. मामांच्या गावात आता काही शेतकरी मिळून सापळे लावतात आणि मोजलेले पतंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ज्याने आकडा टाकला नाही, त्याची ग्रुपवरच टिंगल होते. मला हा ऑस्ट्रॉमबाईंचा लहान दंडच वाटतो.

आपल्या घरातल्या ओळी

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकली असेल. राजाच्या हुकमाने गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतलं, मुलं-वासरं उपाशी राहिली आणि गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी घरच्यांना आणि वासरांना दिलं आणि उरलेलं खुलभर दूध वाहिलं, तेव्हा तो भरला. कहाणीचा अर्थ भक्तीचा आहे, पण मला कापसाबद्दल वाचताना ती हटकून आठवते. सगळंच्या सगळं घ्यायला गेलं की हाती येत नाही, हे जुन्या बायकांना चांगलं ठाऊक होतं.

आणि हा प्रश्न फक्त शेतकऱ्यांचा नाही. आपल्या औषधांच्या डब्यातली अँटिबायोटिक्स हीच गोष्ट सांगतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच इशारा दिला होता, की अपुऱ्या डोसाने जंतू मरण्याऐवजी निर्ढावतील. सर्दीला, म्हणजे विषाणूच्या आजाराला, मेडिकलमधून विचारून घेतलेली गोळी मला काही फायदा देत नाही, पण जंतूंना सराव देते. डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच आणि सांगितलं असेल तसंच घेणं, ही आपल्या वाटची पाच ओळींची जबाबदारी. तिचा फायदा आपल्याला दिसत नाही, शेजारच्या घरातल्या बाळाला होतो, आणि शेजाऱ्याच्या शहाणपणाचा आपल्या बाळाला.

या दिवाळीत तुमच्यापैकी कुणी विदर्भात, खानदेशात किंवा मराठवाड्यात गावी गेलं, तर काका-मामांच्या शेतावर जरूर जा. दोन-चार बोंडं फोडून बघा, सापळ्यातले पतंग मोजा, आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवणार का ते विचारा. "नाही" म्हणाले, तर शेजारी ठेवणार आहेत का, हेही विचारा. उत्तर ऐकताना हिशेब त्यांच्या जागी बसून करून बघा.